यूसुफ तांडेलाचा चार बोटं उतार

यूसुफ तांडेलाला कुठलीही गोष्ट शिकवणं फार सोपं होतं, कारण ती त्याला आधीच येत असायची. विमान वर कसं राहतं, इंग्रज माणूस भरदुपारी उन्हात का हिंडतो, कंपनीने तेलाच्या टाक्या कुठे बांधायला हव्या होत्या आणि कुठे बांधून ठेवल्या, हे सगळं त्याला ठाऊक होतं. एका खोलीत आम्ही सहा जण राहायचो आणि बाकीच्या पाचांना तो एकटा पुरून उरायचा. कुवेतमधल्या मीना अल-अहमदीच्या धक्क्यावर तो तेलाच्या बोटींच्या दोऱ्या बांधायचं काम करी. त्याआधी पंधरा वर्षं हर्णैच्या मचव्यावर काढलेली, त्यातली शेवटची सात तांडेल म्हणून. कुवेतला तांडेलपण गेलं, पण हुकूम सोडायची सवय कशी जाणार? मी स्टोअरमध्ये कारकून. माझं नाव उस्मान, गाव श्रीवर्धनच्या अलीकडचं. मला इंग्रजी वाचता यायचं हा माझा गुन्हा. त्यामुळे यूसुफच्या आयुष्यातला प्रत्येक कागद आधी माझ्या हातात यायचा आणि मी वाचून दाखवला की तो म्हणायचा, "ता मना ठाव होता."

ही गोष्ट अठ्ठावन्न सालची. त्या वर्षी त्याच्या डोक्याने घेतलं, की सुगराला इकडे आणायचं.

सुगरा म्हणजे त्याची बायको. लग्नाला अकरा वर्षं झालेली आणि त्या अकरा वर्षांत दोघं एका छपराखाली सगळी मिळून वर्षभरही राहिली नसतील. दोन वर्षांनी एकदा दोन महिन्यांची रजा, त्यातले सोळा दिवस आगबोटीत, पंधरा दिवस पाहुण्यांत, आणि उरलेले दिवस यूसुफ गावातल्या लोकांना कुवेत समजावून सांगण्यात घालवायचा. पोरंबाळं नव्हती. बोलत नसला तरी हा माणूस एकटेपणाला कंटाळला होता. तो न बोलता कंटाळतो, हीच त्यातली मोठी बातमी होती.

सुगराचं पत्र आलं ते मीच वाचून दाखवलं. गावच्या मास्तरांकडून लिहून घेतलेलं, पण मास्तरांच्या भाषेतून तिचा आवाज साफ ऐकू येत होता. तिचा धाकटा भाऊ मुस्तफा सहा वर्षांपूर्वी मचव्यावरून गेला तो परत आला नव्हता. तेव्हापासून हलणाऱ्या कुठल्याही वस्तूवर तिला बसवत नसे. पडवीतला झोपाळा तिने काढून माळ्यावर टाकला होता. खाडी ओलांडायची तर ती तीन मैल फिरून जायची, पण तरीच्या होडीत पाय ठेवायची नाही. आणि अशी बाई लिहीत होती, की तुमच्यासाठी मी आठ दिवस आगबोटीत बसेन, काय व्हायचं ते होवो. पण उतरल्यावर ज्या घरात पाय ठेवीन ते हलता कामा नये. हललं तर तीच आगबोट बसऱ्याहून परत येईल तिने मी माघारी जाईन, आणि मग पुन्हा बोलावू नका.

"बघ," यूसुफ मला म्हणाला, "बायको असावी तर अशी. एकच अट. न हलणारा घर."

आणि हे न हलणारं घर म्हणून त्याने काय घेतलं असेल? चाकं असलेलं.

आता हे कसं घडलं तेही सांगतो, नाहीतर लोकांना वाटेल उस्मान मीठमसाला लावतोय. आमच्या दर्जाच्या माणसाला कंपनी बायकोसाठी घर देत नसे. साहेबाला देई, साहेबाच्या कुत्र्यालाही सावलीची जागा मिळे. जवळच्या फहाहील गावात भाड्याच्या खोल्या होत्या. मी त्याला चार दाखवल्या. एकीची भिंत त्याला कच्ची वाटली, दुसरीत वारा उलटा येत होता, तिसरीच्या मालकाचे डोळे त्याला पसंत पडले नाहीत, आणि चौथीत काहीच दोष निघेना म्हणून त्याला संशय आला. इतक्यात टर्नर नावाचा एक साहेब नोकरी संपवून विलायतेला निघाला आणि त्याची कॅरॅव्हान विकायला निघाली. कॅरॅव्हान म्हणजे मोटारीच्या मागे जोडून ओढत न्यायचं चाकांवरचं घर. बिछाना, टेबल, शेगडी, घासलेटवर चालणारा छोटा फ्रिज, सगळं आत. साहेब सुट्टीच्या दिवशी ती समुद्रावर ओढत नेऊन मडमेबरोबर चहा प्यायचा. यूसुफने ती बाहेरून पाहिली आणि त्याचा चेहरा उजळला. लाकडी बांधा, गोल पोट, वरती छप्पर. त्याला तिच्यात मचवा दिसला. तिथेच सगळं बिघडलं.

पहिल्यांदा वस्तू घेणाऱ्या माणसाने चार गोष्टी विचाराव्यात, यूसुफने चाळीस विचारल्या, फक्त त्यातली एकही कामाची नव्हती. त्याने बोटांच्या पेरांनी लाकूड वाजवून पाहिलं. खाली वाकून बुडाला नाक लावलं. मग मला म्हणाला, "साहेबाला इचार, तळाला कीड लागती काय? तेल कवा पाजलेला?" साहेबाने मला विचारलं, "हा काय म्हणतो?" मी म्हटलं, "हा म्हणतो वस्तू छान आहे."

साहेब भला माणूस होता. त्याने आम्हा दोघांना जमिनीवर बसवून नीट शिकवलं. कॅरॅव्हान उभी करायची तर ती सपाट हवी, नाहीतर दार आपोआप उघडतं, माणूस झोपेत घरंगळतो आणि फ्रिज थंड होत नाही. त्या फ्रिजची गंमतच अशी होती, की तो तिरका झाला की रुसायचा. सपाट करायची रीतही साहेबाने सांगितली. आधी डावी-उजवी बाजू बघायची, जी खाली असेल त्या चाकाखाली फळी सरकवायची. मग पुढच्या दांडीला एक लहान चाक होतं, ते फिरवून पुढचा-मागचा मेळ घालायचा. चारी कोपऱ्यांना चार लोखंडी पाय होते, हँडल फिरवलं की खाली येणारे. ते सगळ्यात शेवटी, आणि जमिनीला जेमतेम टेकेपर्यंतच. "हे पाय धरायला आहेत, उचलायला नाहीत," साहेब तीनदा म्हणाला आणि मी तीनदा मराठीत सांगितलं. हे सगळं त्याने एका कागदावर लिहूनही दिलं. शिवाय गवंड्याची असते तशी छोटी पाणसळ दिली, काचेच्या नळीत बुडबुडा असलेली.

"ता मना ठाव होता," यूसुफ म्हणाला आणि पाणसळ खिशात टाकली.

कॅरॅव्हान आली ती फहाहीलला, अबू खालिद नावाच्या एका किराणावाल्याच्या वखारीमागच्या मोकळ्या जागेत. एका शुक्रवारी ट्रकने ती ओढून आणली आणि यूसुफने हात झटकून कामाला सुरुवात केली. कोकणात पावसाळ्याच्या तोंडी मचवा किनाऱ्यावर ओढून घेतात हे किनाऱ्यावरच्या कुणालाही सांगायला नको. बुडाखाली ओंडके, दोन्ही बाजूंनी टेकू, पुढची नाळ उंच आणि मागची बाजू चार बोटं खाली, म्हणजे पावसाचं पाणी मागे वाहतं. बुडाला मागे एक बूच असतं, ते काढून ठेवायचं, पाणी निघून जातं. चार महिने मचवा असा निवांत बसतो. यूसुफने आयुष्यात पंधरा मचवे असे बसवले होते आणि आता सोळावा बसवायला घेतला.

पहिल्यांदा त्याने टेकू लावून चाकं काढली. मी म्हटलं, "अरे, साहेबाने चाकाखाली फळी घालायला सांगितलीय. चाकच नाही तर फळी कुणाच्या खाली घालणार?" तो म्हणाला, "चाक असला म्हंजे घर कुठंतरी जाईन म्हणतो. सुगराला न हलणारा घर पायजे." मग ते चारी लोखंडी पाय हँडल मारमारून खाली केले आणि त्यांच्यावर अख्खी कॅरॅव्हान उचलली. साहेबाचे तीन वेळा सांगितलेले शब्द मी चौथ्यांदा सांगितले. त्याने ऐकलं आणि हँडल आणखी दोन फेरे फिरवलं. बुडाखाली धक्क्यावरून आणलेले ओंडके सरकवले. नाळ उंच केली. मागची बाजू चार बोटं खाली. ही चार बोटं त्याने स्वतःच्या हाताची बोटं आडवी लावून मोजली. पाणसळ खिशातच होती.

आणि मग त्याने मागच्या कोपऱ्यात जमिनीला भोक पाडलं.

मी बघतच राहिलो. चांगल्या घराच्या चांगल्या लाकडी जमिनीला अंगठ्याएवढं भोक. "पानी जायाला," तो म्हणाला.

"पाणी? कुठलं पाणी? कुवेतला पाऊस वर्षाला किती वेळा पडतो?"

"आनि पडला म्हंजे?"

याचं उत्तर तुमच्याकडे असेल तर कळवा.

बदरुद्दीन शिंपी त्या वेळी हजर होता. हा आमच्याच खोलीतला, दाभोळचा, साहेबांच्या विजारी शिवणारा. मापं घेण्याचा धंदा असल्याने जगातल्या सगळ्या मोजमापांवर आपला हक्क आहे असं तो समजे. त्याने कापड मोजायच्या टेपने कॅरॅव्हान पुढून मोजली, मागून मोजली, आणि कमरेवर हात ठेवून निकाल दिला, "उतार बरोबर हाय. पाठीला जरा सैल सोडलेला बरा." काढलेली दोन्ही चाकं तो घेऊन गेला. त्यांच्यावर फळी टाकून त्याने इस्त्रीचं टेबल केलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने दाखवू लागला.

त्या घरात पुढचे दोन महिने यूसुफ एकटा राहिला, घराची सवय व्हावी म्हणून. त्याला झाली, घराला झाली नाही. टेबलावर अंडं ठेवलं की ते स्वतःच्या पायांनी निघे. दार लावलं की उघडे आणि उघडलं की लागेना. फ्रिजमध्ये ठेवलेलं दूध बाहेर ठेवलेल्या दुधाच्या आधी नासे. मी बटाटे घेऊन गेलो तर एक खाली पडला आणि थेट मागच्या भोकाशी जाऊन थांबला. यूसुफने तो उचलून मला अभिमानाने दाखवला. "बघलास? पानी पन असाच जाईल."

नोव्हेंबरात पाऊस आला. यायचाच होता, यूसुफने त्याला एवढं बोलावलं होतं. सुगराची आगबोट तीन दिवसांवर आलेली. छपराला हवेसाठी एक झाकण होतं, ते त्याने उघडं ठेवलेलं, कारण लाकडाला हवा लागते आणि मचव्याला कुठे वरून झाकण असतं? दोन तास पाऊस कोसळला. सगळं पाणी झाकणातून आत आलं, उतारावरून मागे धावलं आणि भोकातून खाली गेलं. यूसुफ भिजत बाहेर उभा राहून भोकाखाली पडणारी धार बघत होता. त्याच्या तोंडावर जो आनंद होता तो मी त्याला बढती मिळाली तेव्हाही पाहिला नव्हता. "आयलं काय पानी? निघालं कनी?" तो ओरडला.

निघालं. बरोबर मागच्या ओंडक्याच्या बुडाशी पडलं, तिथली वाळू घेऊन गेलं, आणि ओंडका एका अंगाला वीतभर खचला. त्यानंतर कॅरॅव्हानमध्ये पाऊल टाकलं की ती एकदा मागे झुके आणि एकदा डावीकडे, आणि मग जरा विचार करून पुन्हा मागे. भरतीच्या पाण्यावर नांगरलेला मचवा जसा डुलतो ना, हुबेहूब तसं. यूसुफच्या हाताला ती कला होती, नाही म्हणता येणार नाही.

शनिवारी आगबोट लागली. मी आणि यूसुफ आणायला गेलो. सुगराभाबी जिना उतरली ती हिरवी-पिवळी पडून, ओठ सुकलेले, पदर घट्ट आवळलेला, आठ दिवसांत पोटात अन्न ठरलं नव्हतं. एक पत्र्याची ट्रंक, सुंभाच्या दोरीने आडवी-उभी बांधलेली. जमिनीवर पाय पडल्यावर तिने आधी पायाखालची जमीन दाबून बघितली. मग यूसुफकडे बघून हसली. यूसुफने एकही हुकूम न सोडता ट्रंक स्वतःच्या खांद्यावर घेतली.

फहाहीलला आल्यावर तिने कॅरॅव्हान पाहिली. पायरीवर पाय ठेवला, आत गेली. कॅरॅव्हान मागे झुकली. मग डावीकडे. आतून भांडं पडल्याचा आवाज आला. सुगराभाबी दाराशी आली, दोन्ही हातांनी चौकट धरली आणि खाली उतरली. तिच्या कपाळावर घाम होता. वखारीच्या भिंतीशी ट्रंक ठेवली होती तिच्यावर जाऊन बसली. नवऱ्याला सोडून तिने मलाच विचारलं, "उस्मानभाई, आगबोट बसऱ्याशी माघारी कवा येते?"

"गुरुवारी, भाबी."

"मंग गुरुवारी गाडी लागंल."

ट्रंकेची दोरी तिने सोडली नाही. अबू खालिदच्या घरातल्या बायकांनी तिला हाताला धरून आपल्यात नेलं. भाषा एकीची दुसरीला कळत नव्हती, पण बाईचं तोंड बघून त्यांना जे कळायचं ते कळलं असावं.

पुढचे दोन दिवस यूसुफने जे केलं ते आठवलं की मला आजही त्याची मान धरावीशी वाटते. खचलेल्या बाजूला त्याने आणखी एक ओंडका घातला, त्याने दुसरी बाजू खचली. मग दुसऱ्या बाजूला घातला. मग चारी लोखंडी पाय पुन्हा फिरवले. घर उंच उंच होत गेलं आणि सपाट मात्र होईना. सोमवारी संध्याकाळी बदरुद्दीन टेप घेऊन आत शिरला. यूसुफने बाहेरून हँडल फिरवलं. खालची चौकट कचकन पिळली आणि दार जे बसलं ते बसलंच. बदरुद्दीन आत. आम्ही ढकललं, ओढलं, शेवटी त्याला खिडकीतून काढला. तो आडवा बाहेर येताना त्याच्या गळ्यातली टेप खिडकीच्या कडीत अडकली आणि अबू खालिदची सगळी गिऱ्हाइकं त्याला बघायला जमली. खाली उतरल्यावर तो एवढंच म्हणाला, "खिडकी अठरा इंच हाय."

मी पोट धरून हसत होतो. यूसुफ हसला नाही. तो पायरीवर बसला आणि तळव्यांकडे बघत म्हणाला, "उस्मान, ही गेली तं परत यायाची नाय. तिचा सबूद मना ठाव हाय." थोड्या वेळाने म्हणाला, "आठ दिवस ती दर्यात बसली, माज्या भरवशावर. आनि मी दर्याच हितं आनून ठेवला."

मला एकदम हसू येईनासं झालं. खिशातला साहेबाचा कागद मी काढला, पण वाचला नाही. दोन महिने वाचतच होतो.

मंगळवारी सकाळी सुगराभाबी आपण होऊन बाहेर आली. हातात अबू खालिदच्या घरची मोठी परात होती, पाण्याने भरलेली. पाणी न सांडता ती चालत आली हे मी आधी पाहिलं. तिने पदर खोचला आणि घराभोवती एक फेरी मारली. खाली वाकून ओंडके पाहिले, पाय पाहिले. भोकासमोर जरा जास्त वेळ थांबली.

"ह्याची चाका खंय हायत?"

यूसुफने बदरुद्दीनकडे बघितलं. बदरुद्दीनने आकाशाकडे.

"घेऊन या," ती म्हणाली. "आनि ह्या सगळा काढा. हा काय होडी हाय?"

या प्रश्नाची आम्ही दोन महिने वाट बघत होतो. निदान मी तरी.

नंतर कळलं ते असं. सुगराभाबीचं माहेर तळकोकणातल्या मातीच्या घरांतलं आणि गावात कुणाच्या नव्या घराची जमीन करायची झाली की हिला बोलवायचे. माती ओतायची, भिजवायची, चोपण्याने चोपायची, आणि मग परातभर पाणी मधोमध ठेवून बघायचं, पाणी परातीच्या कुठल्या काठाला वर चढतं ते. घरात उतार राहिला की म्हातारी माणसं पडतात आणि बाळ पाळण्यातून एका कुशीला घसरतं. ती चाळीस घरांची जमीन करून आलेली बाई. यूसुफला हे ठाऊक नव्हतं. बायकोच्या बाबतीत एक गोष्ट त्याला ठाऊक नव्हती, हे त्याने पहिल्यांदा कबूल केलं, तेही न बोलता.

इस्त्रीचं टेबल मोडून चाकं आली. ओंडके निघाले, लोखंडी पाय वर गेले, घर चाकांवर बसलं. पिळलेली चौकट सैल झाली आणि दारही आपण होऊन उघडलं. तिने परात आत मधोमध ठेवली आणि बाहेर उभी राहून उघड्या दारातून पाण्याकडे बघू लागली.

"डावा चाक खाली हाय," यूसुफ म्हणाला. "फळी घालतो."

"फळी कशाला? तिकडला उंच हाय ना, तिकडची रेती काडा."

यूसुफने, बदरुद्दीनने आणि मी एकमेकांकडे बघितलं. दोन महिने तीन पुरुष ते घर वर उचलत होते. उंच बाजूची चार ओंजळी वाळू काढावी हे कुणाच्या मनात आलं नव्हतं. मी फावडं घेतलं. उजव्या चाकाखालची वाळू थोडी थोडी काढली, ती हात वर करी तेव्हा थांबलो. पाणी परातीत सरळ झालं. मग तिने यूसुफला पुढच्या दांडीचं लहान चाक फिरवायला लावलं. "आनिक. आनिक जरासा. बस." मग चार पाय. यूसुफचा हात हँडलवर गेला आणि सवयीने जोरात फिरायला लागला.

"टेकवा," ती म्हणाली. "उचलू नका."

मी साहेबाचा कागद उघडून बघितला. फळीच्या जागी वाळू, एवढं सोडलं तर त्यातलं एकही वाक्य इकडे-तिकडे झालं नव्हतं. तेच मी चार नाही, चाळीस वेळा सांगितलेलं. पण मी सांगितलं ते यूसुफला आधीच ठाऊक होतं. तिने सांगितलं ते त्याने ऐकलं.

शेवटी तिने यूसुफला आणि बदरुद्दीनला आत चढायला लावलं आणि चालायला सांगितलं. दोघं गंभीर तोंडाने इकडून तिकडे फेऱ्या मारत राहिले, ती परातीवरची नजर हलवत नव्हती. मग स्वतः चढली. भोकात चिंधीचा बोळा घट्ट बसवला. बाहेर येऊन एवढंच म्हणाली, "बघू." आणि परात घेऊन अबू खालिदच्या घरी निघून गेली. ट्रंक भिंतीशी होती तशीच, दोरी बांधलेली.

बुधवारी काही निरोप नाही. यूसुफने मला विचारलं, "तुना काय वाटता?" हा प्रश्न त्याने मला चार वर्षांत पहिल्यांदा विचारला. मी म्हटलं, मला काही वाटत नाही, मला गाडी ठरवायला सांगितलीय, मी ठरवलीय. रागाने बोललो. कुणाचा राग होता कोण जाणे.

गुरुवारी दुपारी मी पिकअप घेऊन गेलो. दुरूनच पाहिलं, यूसुफ कॅरॅव्हानच्या समोर वाळूत मांडी घालून बसलेला. धक्क्यावर त्याची पाळी होती. अंगात ताप असतानाही हा माणूस पाळी चुकवत नसे. गाडीचा आवाज ऐकून त्याने दोन्ही हात वर केले आणि बोट ओठांवर ठेवलं.

मी उतरून जवळ गेलो. भिंतीशी ट्रंक नव्हती. कॅरॅव्हानच्या कडीपासून वखारीच्या खिळ्यापर्यंत सुंभाची दोरी ताणून बांधलेली, आणि तिच्यावर दोन साड्या आणि यूसुफचा एक सदरा वाळत होता. दार उघडं होतं. आत चटईवर सुगराभाबी एका कुशीवर झोपलेली, हात गालाखाली. शेजारी परात होती, पाण्याने भरलेली.

"सकाळी आली," यूसुफ कुजबुजला. "परातीकडं बघत बसली, बघता बघता डोळा लागला. तेरा दिवसांनी."

मी पायरीकडे एक पाऊल टाकलं, नीट बघावं म्हणून. त्याने माझा पाय धरला.

"चढू नको. हालंल."

त्याचा सदरा घामाने भिजला होता. डोक्याला पंचासुद्धा नव्हता. सकाळपासून तो तिथेच बसला होता. आत पाऊल टाकलं नव्हतं आणि कुणाला टाकू दिलं नव्हतं. टर्नर साहेबाची पाणसळ हातात होती आणि तिचा बुडबुडा बघत तो स्वतःशीच मान हलवत होता. पहिल्यांदाच ती खिशातून बाहेर आली होती.

मी पिकअपवाल्याला हातानेच परत जा म्हटलं. मग चपला काढल्या आणि यूसुफच्या शेजारी वाळूत बसलो, हळू, म्हणजे जमिनीला धक्का लागू नये.